वाळत घातलेली पत्रं

संकठा घाट, काशी
भाद्रपद वद्य ५, शके १८६५

प्रिय प्रेमला,

तुझी दोन पत्रं आली, मग तार आली, आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आज लिहायला बसले तरी अक्षर वाकडं येतंय, तेवढं सांभाळून वाच. सगळे जिवंत आहेत, हे आधी लिहून टाकते. तुझे बाबा, तुझी वहिनी बकुळ, तिची लहानगी गंगा, तिघेही माझ्याकडे माडीवरच्या खोलीत आहेत आणि खाऊनपिऊन बरे आहेत. घर मात्र राहण्यासारखं उरलेलं नाही.

गंगेची बाढ आपण लहानपणापासून बघत आलो. पाणी चढलं की घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचं, नावा गल्लीच्या तोंडाशी आल्या की टाळ्या पिटायच्या, एवढंच आपल्याला ठाऊक. या वेळी पाणी घाटावरून आलंच नाही. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळ पोहे कालवत होती आणि चौकातल्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. आधी काळं, मग लाल. तिनं पोतं कोंबलं, पोत्यावर पाटा ठेवला. पाटा तिच्या डोळ्यांदेखत हलला आणि बाजूला सरकला. तासाभरात चौकात गुडघाभर पाणी. मी शाळेतला वर्ग सोडून धावत आले तेव्हा ती गंगेला कडेवर घेऊन जिन्यात उभी होती आणि तुझे बाबा खाली देवघरात कमरेइतक्या पाण्यात उभे होते. काका बाहेर यायला तयार नव्हते. “पेटी आधी, मग मी,” एवढंच म्हणत होते. त्यांची सोवळ्याची पेटी तुला आठवत असेलच, पोथ्यांची. कुणी हात लावायचा नाही ती.

मी गल्लीत जाऊन हाका मारल्या. खरं सांगते, कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. तुझा वेणूदादा फौजेत गेल्यापासून लोक या घराशी तुटक वागतात, आणि गेल्या वर्षी ऑगस्टात गावात गोळीबार झाला, धरपकड झाली, त्यानंतर तर कुणी उंबराच ओलांडत नव्हतं. दारावर कुणीतरी कोळशानं ‘गोऱ्यांचे चाकर’ लिहिलं होतं. बकुळनं ते दोनदा धुतलं, दोनदा पुन्हा लिहिलं गेलं. तुला हे तिनं कळवलं नसेल. आणि माझ्या हाकेला आला कोण, तर विष्णु, छापखान्यात खिळे जुळवतो तो. त्याचा थोरला भाऊ त्याच धरपकडीत सापडला, अजून नैनीच्या तुरुंगात आहे. विष्णु सरळ पाण्यात उतरला. त्यानं आधी काकांना खांद्यावर टाकून वर आणलं. काका त्याच्या पाठीवर मुठी मारत होते, “पेटी, पेटी” म्हणत होते. तो परत खाली गेला. तेव्हा पाणी त्याच्या गळ्याशी होतं. पेटी डोक्यावर घेऊन तो जिना चढला आणि त्याच्या मागे देवघराची भिंत बसली. आवाजसुद्धा फार झाला नाही गं. ओली भाकरी मोडावी तशी बसली.

मी त्या दिवशी काकांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, चार पोथ्यांसाठी एका माणसाचा जीव घालवत होतात. ते पेटीवर हात ठेवून बसले होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाणी नऊ दिवस होतं. उतरलं तेव्हा घरात मांडीभर गाळ. तांदळाची कणगी फुगून फुटलेली, गाद्या कुजलेल्या, तुझ्या आईचं शिसवी फडताळ उलटं पडलेलं आणि त्याच्यात एक मेलेला मासा. बकुळ दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. पदर खोचला आणि तसल्या गाळात हात घालून उपसायला लागली. मी फावडं शोधत होते, तेवढ्यात विष्णु दोन फावडी आणि चार माणसं घेऊन आला. ज्यांनी वर्षभर तोंडं फिरवली होती तीच माणसं. दिवसभर गाळ उपसून झाला, तेव्हा विष्णुनं बादली घेतली आणि दार धुवायला लागला. कोळशाची अक्षरं बाढीत धुपली होती, तरी पुसट दिसत होती. बकुळ म्हणाली, “भाऊजी, राहू द्या, मी धुते.” तो म्हणाला, “वहिनी, मैंने ही लिखा था. मीच पुसणार.” आणि मान खाली घालून घासत राहिला. बकुळनं त्याला गुळपाणी आणून दिलं, एवढंच.

असे पंधरा दिवस गेले. शाळा सुटली की मी जायची. भांडी राखेनं घासायची, कपडे उकळायचे, छतावर दोऱ्या बांधून जे जे वाचलं ते वाळत घालायचं. बकुळचं बोलणं एकच, ते येतील तेव्हा घर पहिल्यासारखं दिसायला हवं. वेणूदादाची पत्रं तिला येत होती हे तुला माहीत आहे. चार ओळींची. मी सुखरूप आहे, काम फार आहे, गंगेला जपा. फौजेच्या पत्रावर ठिकाण कधी नसतंच, नुसता आकडा. ती तो आकडासुद्धा पाठ म्हणायची. बाढीत ती सगळी पत्रं तिनं चोळीत खोचून वाचवली होती.

आता परवाचं सांगते. पितृपक्ष लागलाय, काका सकाळीच दशाश्वमेधावर गेले होते, नागपूरकडच्या यजमानांचं श्राद्ध होतं. पेटीला कुबट वास यायला लागला होता. काका उघडू देत नव्हते, स्वतःही उघडत नव्हते. बकुळ म्हणाली, “शरूताई, पोथ्या कुजतील. मामंजी रागावले तर रागावले. मी अंघोळ करून ओलेत्यानं काढते, तुम्ही फक्त पानांचा क्रम सांभाळा.” आम्ही पेटी छतावर नेली. ऊन चांगलं कडक होतं. वरच्या पोथ्या चिकटल्या होत्या, त्या सोडवून मी पाटावर मांडत होते. तळाला रेशमी सोवळ्यात गुंडाळलेली एक पुरचुंडी होती. बकुळनं ती सोडली. आत पोथी नव्हती. पत्रं होती, सहा की सात.

ती एकदम उभी राहिली. “शरूताई, हे त्यांचं अक्षर आहे!” तिचा चेहरा मला अजून दिसतो. प्रेमला, ती हसत होती. तुला माहीत आहे, वेणूदादा कंपाउंडरची परीक्षा देऊन फौजेत नाव घालून आला तेव्हा काका काय बोलले होते. समुद्र ओलांडशील, कुणाकुणाच्या रक्तात हात घालशील, माझ्या लेखी मला मुलगा नाही. छावणी स्टेशनवर पोचवायला गेले नाहीत. तीन वर्षं त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आणि ही पोर पत्रं हातात घेऊन म्हणते, “मामंजींचं आणि त्यांचं बोलणं सुरू झालंय! मला कळूसुद्धा दिलं नाही दोघांनी. बघा कसे आहेत!” मग ती वाचायला बसली आणि थांबली. पत्रं संस्कृतात होती.

अक्षर नवऱ्याचं, लिपी ओळखीची, आणि एक वाक्य लागत नाही. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती, शाळेतल्या पोरीसारखी. स्वतःचं नाव सापडलं तेव्हा लाजली. मग म्हणाली, “हे बघा, पादौ लिहिलंय. पाद म्हणजे पाय ना? पायांवर डोकं ठेवून नमस्कार केलाय वाटतं मामंजींना. वाचा ना तुम्ही, मोठ्यानं वाचा.”

मी ते पत्र घेतलं. ‘उभौ अपि पादौ छिन्नौ.’ दोन्ही पाय कापले.

मी ते तीनदा वाचलं. वाटलं मीच संस्कृत विसरलेय. तुझ्या बाबांनीच शिकवलेलं, दुपारच्या वेळी तुझ्या शेजारी पाटावर बसून शिकलेलं संस्कृत. माघात ब्रह्मदेशाच्या हद्दीवर त्यांच्या दवाखान्याच्या तंबूवर बॉम्ब पडला. गुडघ्यांखाली काही उरलं नाही. पुण्याच्या फौजी इस्पितळात तो फाल्गुनापासून आहे. बकुळला येणारी पत्रं तिथेच खाटेवर लिहिली जात होती आणि पलटणीतल्या एका सोबत्याकडून टाकली जात होती. मी पुढचं वाचत गेले, आणि बकुळ माझ्या तोंडाकडे बघत होती, अजून हसत, अजून वाट बघत.

पुढचं तर याहून वाईट होतं. त्यानं काकांना लिहिलं होतं, ‘तुम्ही मला एकदा गमावलेलंच आहे, दुसऱ्यांदा जड जाणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. काशी सगळी पायऱ्यांची. मी तिथे दगडासारखा एका कोपऱ्यात पडून राहीन आणि ती चोविसाव्या वर्षापासून माझी घाण काढील. वर्ष जाऊ द्या. मग मी गेलो असं तिला सांगा. ती रडेल, माहेरी सागर गावी जाईल, पोर वाढवील. तुम्हाला गंगामाईची शपथ आहे.’

प्रेमला, माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझ्याशेजारी कोण बसलं होतं ते मी विसरलेले नाही. या घाटांवर भिक्षेचं फडकं पसरून बसलेल्या विधवा बायका वेणूदादानं जन्मभर पाहिल्या. मला पाहिलं. आणि धडधाकट डोक्यानं, आपल्या हातानं, जिवंतपणी तो आपल्या बायकोचं कुंकू पुसायला निघाला, आणि त्याला तो उपकार वाटला! दया येण्याआधी संताप आला. अजून दोन्ही एकत्र येतात, वेगळे करता येत नाहीत.

बकुळला काय सांगायचं याचा विचार करायला मला वेळच मिळाला नाही. ती माझ्या चेहऱ्यावरून समजली होती की काहीतरी आहे. म्हणाली, “आहेत ना?” मी म्हटलं, “आहे. जिवंत आहे. पुण्यात आहे.” “मग?” मग मी वाचलं. मराठीत करत करत, एकेक वाक्य. पायांचं वाचलं तेव्हा ती दोरीवर वाळणारं लुगडं धरून उभी राहिली. शेवटचं, तो गेल्याची खोटी बातमी द्यायची ते वाचलं तेव्हा म्हणाली, “परत वाचा.” मी परत वाचलं. तिनं सगळी पत्रं माझ्या हातून घेतली आणि एकेक करून दोरीला लावली, चिमटे लावून, नीट, पाण्यानं पसरलेली शाई वर करून. मग म्हणाली, “मला वाचता येऊ नये म्हणून असं लिहिलं. माझ्याच घरात. मी रोज त्या पेटीपुढे रांगोळी काढत होते.”

काका दुपारी परतले. जिना चढून वर आले आणि दोरीवरची पत्रं बघून जागच्या जागी बसले, तापल्या छतावर, सोवळ्यासकट. मीच विचारलं, “कधीपासून माहीत आहे?” म्हणाले, “होळीपासून.” मी म्हटलं, “आणि तुम्ही तिला खरंच सांगणार होतात? तो मेला म्हणून?” त्यांनी मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. मग म्हणाले, “शरदिनी, मी त्याला नाही म्हणून लिहायला रोज बसत होतो. तीन वर्षं ज्याला पत्र लिहिलं नाही त्याला पहिलंच काय लिहू? घरी ये लिहिलं तर तो म्हणेल, आता पाय नाहीत म्हणून दया आली. गप्प राहिलो. त्यानं गंगामाईची शपथ घातली होती, ते निमित्त झालं.” बकुळ तोपर्यंत उठून त्यांच्यासमोर आली होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मग गंगामाईच घरात आली की, मामंजी.” आणि त्यांच्या पायांशी बसून पहिल्यांदा रडली. ऐंशीला टेकलेला तो माणूस, ज्यानं सुनेच्या सावलीलाही कधी सोवळ्यात शिवू दिलं नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता आणि त्याचीही दाढी भिजली होती.

काल सकाळी बकुळनं सांगितलं की ती पुण्याला जाणार, त्याला घेऊन येणार. तो नाही म्हणाला तरी आणणार. विष्णु चौकात फरशी बसवत होता, त्यानं ऐकलं. मी म्हटलं, अगं, वेणूदादा म्हणतो ते एक खरं आहे, आपल्या घरापर्यंत चाळीस पायऱ्या आहेत, त्याला रोज वरखाली कोण करणार? विष्णु थापी खाली ठेवून म्हणाला, “ताई, काशीत अनोळखी मेलेल्याला चार खांदे मिळतात. जिंदा आदमी को नहीं मिलेंगे क्या?” मग लगेच खाली बसून फरशी ठोकायला लागला, जणू काही बोललाच नाही. देवघराची भिंत तो आणि त्याची माणसं बांधणार आहेत. मी इथे राहून बघणार आहे. खालची खोली वेणूदादासाठी करायची, उंबरा काढून टाकायचा, असं विष्णुचंच म्हणणं.

आणि काकाही जाणार आहेत. मी म्हटलं, “पितृपक्षात प्रवास? यजमान आलेत गावात, श्राद्धं आहेत.” ते म्हणाले, “पितर थांबतील. मुलगा किती दिवस थांबायचा?” उपरणं झटकून पोथ्या भरायला लागले. पत्रं मात्र त्यांनी पेटीत ठेवली नाहीत, बकुळला देऊन टाकली. तिनं ती आपल्या पत्रांबरोबर बांधली.

अष्टमीला ते तिघं, छोट्या गंगेसकट, निघतील. मुंबईच्या गाडीनं कल्याणपर्यंत, तिथून पुणं. दशमीला सकाळी तुझ्या दारात असतील. बकुळ म्हणते, “वन्संना किती धक्का बसेल, आधी तुम्ही लिहा, त्यांना सावरायला वेळ मिळू दे.” म्हणून मी लिहायला बसले असं तिला वाटतं. आणि हे सगळं तुला नवं असल्यासारखं मी इथवर लिहीत आले, कारण दुसरं कसं लिहावं ते मला सुचत नव्हतं. तिसऱ्या पत्रात एक वाक्य आहे, जे मी छतावर वाचताना गाळलं. ‘स्वसा मे प्रतिरविवासरम् आगच्छति.’ माझी बहीण दर रविवारी येते. पुढे आहे, तीही रडली पण तिनंही शब्द दिलाय, आणि ही पत्रं तीच आपल्या पाकिटात घालून पाठवते. प्रेमला, फाल्गुनापासून तू दर रविवारी त्याच्या खाटेशी बसत होतीस, आणि सोमवारी बकुळला लिहीत होतीस, दादाची काही खबर? तू शब्द का दिलास ते मी विचारणार नाही. त्यानं हात जोडले असतील आणि तुला नाही म्हणवलं नसेल. पण ज्या दिवशी ती बातमी आली असती त्या दिवशी तू तिच्याशेजारी बसली असतीस का, माझ्याशेजारी बसली होतीस तशी? हा एक प्रश्न परवापासून माझ्या डोक्यातून जात नाही. काका तुझं नाव घेणार नाहीत, त्यांनी मला तसं सांगितलंय. मीही घेतलेलं नाही. बकुळला ‘स्वसा’ कळत नाही. पण ती हुशार आहे, पत्रं तिच्याकडेच आहेत, आणि इस्पितळातली परिचारिका तुला नावानं ओळखत असेल. तिथे, त्या खाटेपुढे, परक्याच्या तोंडून तिला हे कळू नये. तुझ्या घरात, दार लावून, तिचे हात हातात घेऊन तू स्वतः सांग. ती चिडेल, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही कदाचित. पिऊ नये तिनं. तरी सांग. तुझ्याकडे दशमीपर्यंत वेळ आहे, आणि तो मिळावा एवढ्यासाठीच हे पत्र मी आजच्या डाकेनं टाकते आहे.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
शरदिनी